पावती नाही? मग लिहून घ्या!

फेब्रुवारी २०२५. पहाटेचे साडेपाच. भाईंदर स्टेशनबाहेर माझी रिक्षावाल्याशी घासाघीस चाललेली. जायचंय चौकला, उत्तनच्याही पुढे. चिमाजी अप्पांच्या फौजेनं १७३९ मध्ये जिंकलेला धारावी किल्ला इथलाच. खाडीपलीकडे वसई, अलीकडे होड्या आणि वाळत घातलेल्या बोंबलांचा घमघमाट. मला कोळीवाड्यावर फीचर करायचं होतं.

दिवसाचा हिशेब असा : रिक्षा ७००, होडीतून फिरवून आणणाऱ्या तांडेलकाकांना १२००, जाळी विणणाऱ्यांसोबतचा चहा ९० आणि आईसाठी सुके बोंबील ४००. एकूण २३९० रुपये. सगळे रोख. पावत्या? शून्य!

तुम्ही नोकरीत असाल, तर टॅक्सीचं बिल ऑफिसला देऊन मोकळे होता. आम्हा फ्रीलान्सर्सचं ऑफिस म्हणजे आम्हीच. मानधनातून १० टक्के टीडीएस आधीच कापलेला असतो. खरा खर्च दाखवला नाही, तर जे पैसे हातात उरलेच नाहीत, तेही उत्पन्नात मोजले जातात.

जुलैमध्ये रिटर्न भरायची वेळ आली. एक मित्र म्हणाला, ‘‘सोप्पंय. पेट्रोल पंपावरची चार बिलं उचल आणि लाव.’’ माझी सीए मैत्रीण हे ऐकून उडालीच. ‘‘खोटं बिल सोड, ज्याला काहीच पुरावा नाही असा खर्च लावलास तरी तो ‘मिसरिपोर्टिंग’ ठरू शकतो. दंड किती माहितीये? वाचवलेल्या कराच्या २०० टक्के!’’

‘‘मग पावती नसली की खर्च बुडाला?’’

‘‘तसं नाही गं. कलम ३७(१) विचारतं, की खर्च पूर्णपणे आणि फक्त व्यवसायासाठी झाला का? ते सिद्ध करायचं काम तुझं. पावती हा त्यातला सगळ्यात सोपा पुरावा, एकमेव नव्हे.’’

मग तिनं गंमत सांगितली. १९६१ च्या कायद्याखालचा नियम ६एफ डॉक्टर, वकील वगैरे ठरावीक व्यवसायांच्या हिशेबवह्यांसाठी होता. बिल मिळत नसेल, तर स्वतः सही केलेलं व्हाउचर त्यात चालायचं. पण फक्त ५० रुपयांपर्यंत! ‘‘पत्रकार त्या यादीत थेट येत नाही. तरी सवय तीच लाव. मोठ्या रकमेला समोरच्याची सही घे.’’

म्हणून पुन्हा चौक. मासेमारी बंदीचे दिवस, होड्या किनाऱ्यावर. काका जाळं सांधत बसले होते. मी कागद पुढे केला आणि त्यांचा चेहरा बदलला.

‘‘सही कशाला? उद्या माझ्या दारात कोणी आलं म्हणजे?’’

मला एकदम लाज वाटली. माझा कर वाचावा म्हणून मी त्यांच्या जिवाला घोर लावत होते. म्हटलं, ‘‘काका, नको असेल तर राहू दे. दिलेत तेवढेच लिहिलेत, जास्त नाही.’’ त्यांनी मुलाला हाक मारली. त्यानं कागद वाचून दाखवला : ‘होडीभाडे, रु. १२००.’

‘‘हे खोटं हाय,’’ काका म्हणाले. ‘‘भाडं कुठं घेतलं मी? डिझेलचे घेतले.’’

मी ‘होडीभाडे’ खोडलं, ‘डिझेल खर्च’ लिहिलं. मग त्यांनी सही केली. सावकाश, पूर्ण नावानिशी.

रिटर्नमध्ये १९९० रुपये गेले. रिक्षाचे ७०० त्या दिवशीच्या डायरीतल्या नोंदीवर, फोटोंवर आणि छापून आलेल्या लेखावर. बोंबलांचे ४०० मात्र माझे. ते आईनं खाल्ले, फीचरनं नाही!

फ्रीलान्सर्स, लक्षात ठेवा

• खर्च त्याच दिवशी लिहा : तारीख, कुणाला, कशासाठी, किती. वर्षअखेरीस आठवून लिहिलेली वही कुणालाही पटत नाही.

• शक्य तिथे यूपीआयनं द्या. पैसे कुणाला गेले ते कळतं. कशासाठी, ते तुम्हीच लिहा.

• एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिलेत, तर तो खर्च सहसा नामंजूर होतो.

• वकील, आर्किटेक्ट, इंटीरियर डिझायनर अशा ठरावीक व्यवसायांना १९६१ च्या कायद्यात कलम ४४एडीएची सोय होती : जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरायची, खर्चाची बिलं जोडत बसायचं नाही.

• १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू. कलमांचे आकडे बदलतात. खर्च धंद्यासाठीच झाला हे दाखवायची जबाबदारी तुमचीच राहते.