सही करण्याआधी

मुद्राचित्रणाच्या वर्गात सही कशी करायची हे आम्हाला सुरुवातीलाच शिकवलं होतं. प्रिंट वाळली की खालच्या समासात, पेन्सिलीनंच. डावीकडे ३/१५, म्हणजे १५ प्रतींतली तिसरी. मध्ये शीर्षक, उजवीकडे सही. एम.एफ.ए.च्या दोन वर्षांत ब्लॉक कोरून बोटांना घट्टे पडले, पण व्यवहाराच्या कागदावर सही कशी करायची हे कुणीच सांगितलं नाही.

शेवटच्या वर्षातले माझे सहा वुडकट एका प्रकाशकाला आवडले. 'चित्रांचे सर्व हक्क दिले' एवढंच टाइप केलेल्या कागदावर मी आनंदानं सही केली आणि नऊ हजार रुपये घेऊन घरी आले. पुढे ती चित्रं कॅलेंडरवर आली, मग डायरीवर. आठव्या वर्षी बाबांनी नवी कोरी वही आणली आणि कौतुकानं म्हणाले, "अगं, हे तुझंच ना?" माझंच होतं. वहीवर माझं नाव मात्र नव्हतं.

त्यानंतर मी १९५७ चा कॉपीराइट कायदा वाचायला घेतला. कलम १९ सांगतं की हक्क देणं लेखी हवं; मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणजे पाच वर्षांनी माझे हक्क माझ्याकडे परत आले होते! आणि हक्क दिले तरी चित्राचा कर्ता म्हणून ओळखलं जाण्याचा अधिकार कलम ५७ नं माझ्याकडेच ठेवला होता.

म्हणून आता मी पदव्युत्तर वर्गाच्या शेवटच्या वर्षाला तीन शनिवार शिकवते. पहिल्या शनिवारी नोंदवही: प्रत्येक कामाचं माप, माध्यम, साल, चांगला फोटो, आणि प्रत सध्या कुणाकडे आहे. दुसऱ्या शनिवारी किंमत. लाकूड, शाई, कागद, फ्रेम हे सगळेच मांडतात. स्वतःचे तास मांडताना मुलं अडखळतात. गॅलरीचं कमिशन एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत जाऊ शकतं, ते किमतीत आधीच धरावं लागतं. गॅलरीत एक भाव आणि घरी दुसरा असं केलं, तर विश्वास जातो.

तिसरा शनिवार कराराचा. तयार चित्राचे हक्क चित्रकाराचे असतात. पण कुणी पैसे देऊन पेंटिंग किंवा पोर्ट्रेट करवून घेतलं, तर वेगळं ठरलं नसल्यास कलम १७ नुसार पहिला हक्क करवून घेणाऱ्याचा. म्हणून बोलणी कुंचला उचलण्याआधी करायची. काम कशावर छापणार, किती काळ, नाव कुठे येणार, पैसे कधी मिळणार, हे चार प्रश्न मी फळ्यावर लिहिते.

"पण मॅडम, एवढं विचारलं तर काम हातचं जाईल," एक मुलगी म्हणाली. मी खरं तेच सांगितलं: एखादं जाईल. माझंही गेलंय. तरी विचारायचं, कारण पुढचं चित्र करायला लागणारा वेळ याच पैशांतून मिळतो.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. मुखपृष्ठाचं काम होतं, करारात मुदतच नव्हती. तिनं विचारलं आणि समोरच्यांनी 'तीन वर्षं' लिहून दिलं.

"मग, केलीस सही?"

"वाचून केली, मॅडम."