चाळीतला कांदा आणि दोष शोधण्याची रीत

उन्हाळी कांदा चाळीत भरताना शेतकऱ्याच्या मनात एकच हिशेब असतो. आज जो भाव मिळत नाही, तो भाद्रपद-आश्विनात मिळेल. हा हिशेब खरा ठरणे जितके बाजारावर अवलंबून असते, तितकेच चाळीतून विकण्याजोगा माल किती निघतो यावरही असते. पाच महिन्यांच्या साठवणीत साध्या चाळीतील सुमारे तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, वजनघट, सड आणि कोंब यांत जातो. समजा, वैशाखात भाव क्विंटलला १,२०० रुपये आहे आणि आपण १०० क्विंटल कांदा भरला. त्यातून ६५ क्विंटलच निघाला, तर नुसती मूळची रक्कम हाती येण्यास १,८४६ रुपये भाव मिळावा लागतो. ८० क्विंटल निघाला तर १,५०० रुपयांत तेच साधते. निवडणीची मजुरी यात धरलेली नाही.

नाशिक जिल्ह्यातील एका गावी काही वर्षांपूर्वी शेतकरी गटाने प्रस्तुत लेखकास बोलाविले. श्रावण लागला होता आणि चाळीपासून वीस पावलांवर वास येत होता. गटातील एक वयोवृद्ध शेतकरी म्हणाले, "साहेब, चाळच बाधली आम्हाला. जागाच लाभत नाही." मी चाळीभोवती एक फेरी मारली, ढिगात हात घालून पाहिला आणि सांगून टाकले की, तळातून हवा खेळत नाही, चाळ उंच करा, बाजूच्या फटी वाढवा. गटाने कर्ज काढून ते काम केले. पुढल्या श्रावणात वास पुन्हा आला. सल्ला पुस्तकाबाहेरचा नव्हता. चाळीला तळातून हवा हवीच. परंतु त्या गावातील सड त्याच कारणाने होते की काय, हे मी तपासलेच नव्हते. गटाचा पैसा माझ्या घाईपायी गेला.

यानंतर मी जी रीत अवलंबिली ती कारखान्यांत रूढ झालेली आहे. अमेरिकेतील बेल टेलिफोन कंपनीचे संशोधक वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली उत्पादनातील चढउतार आलेखावर मांडून दोष ओळखण्याची युक्ती काढली. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० साली जपानमधील अभियंत्यांना व कारखानदारांना ती शिकविली. पुढे १९८० नंतरच्या दशकात मोटोरोला कंपनीने तिला 'सिक्स सिग्मा' या नावाने बांधीव रूप दिले. शूहार्ट हे प्रा. महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून १९४७-४८ मध्ये भारतातही येऊन गेले होते. आणि शेतकऱ्याने हे परके मानण्याचे कारण नाही. शेजारच्या वाफ्याशी तुलना करण्याचे शास्त्र रोनाल्ड फिशर यांनी १९१९ पासून इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रातच वाढविले. रीतीची पावले पाच आहेत: प्रश्न नेमका मांडणे, मोजणे, कारण शोधणे, सुधारणा करणे आणि ती टिकविणे.

"कांदा सडतो" हे गाऱ्हाणे झाले, प्रश्न नव्हे. गटाच्या बैठकीत दोन तास खर्चून आम्ही फळ्यावर लिहिले: चैत्रअखेर भरलेल्या कांद्यापैकी भाद्रपदअखेर विकण्याजोगा किती किलो उरतो, आणि जो जातो तो सुकून, सडून की कोंब येऊन? तिन्हींची कारणे निरनिराळी असतात. वजनघट मुख्यतः उन्हाच्या महिन्यांत होते, सड पावसाळी दमटपणात वाढते, आणि हवा थंडावू लागली की कोंब येतात. तिन्हींना 'नासाडी' हे एकच नाव दिले की औषधही एकच सुचते.

मोजण्याच्या कामी मात्र सर्वांत अधिक वेळ द्यावा. पुढील हंगामात चाळ भरताना आम्ही जाळीदार पिशव्यांत प्रत्येकी १० किलो कांदा भरून, क्रमांक टाकून, अशा १२ पिशव्या ढिगात ठेविल्या. कोणत्या शेताचा कांदा, काढणीची तारीख आणि मान कापल्याची तारीख वहीत नोंदली. काही पिशव्या वर, काही मध्ये, काही तळाशी. मधल्या व तळच्या पिशव्या बाजूच्या बांबूपट्ट्यांलगत ठेवाव्यात आणि तेथील पट्टी काढता येईल अशी बांधावी. नाहीतर वजनासाठी सारा ढीग उपसावा लागतो, आणि मग कोणी वजन करीत नाही. दर महिन्यास त्याच काट्यावर चांगला, सडका व कोंब आलेला कांदा वेगवेगळा तोलावा. सडका काढून टाकावा, पण त्याच्या जागी नवा घालू नये. पूर्वीच्या महिन्यांत काढलेला माल धरूनही जे वजन भरत नाही, ती वजनघट. एक सूचना महत्त्वाची आहे. पिशवी भरताना हात आपोआप गोल, देखणा कांदा उचलतो. तसे होऊ देऊ नये. पाटीत जसा येईल तसाच भरावा. वही आम्ही गटातील एका भगिनीकडे सोपविली. तिने एकही महिना चुकविला नाही, ही गोष्ट माझ्या खात्यातील अनेक वह्यांविषयी सांगता येणार नाही.

श्रावणात वही उघडली तेव्हा वरच्या आणि तळच्या पिशव्यांत लक्षात घेण्याजोगा फरक नव्हता. फरक होता तो शेताशेतांत. बहुतेक सड चार पिशव्यांत आढळली आणि त्या चारही पाटाच्या खालच्या अंगास असलेल्या शेतांतील होत्या. सड मानेकडून सुरू झालेली होती. मग आम्ही 'का' विचारीत मागे गेलो. मानेकडून का सडला? मान जाड होती आणि मिटली नव्हती. का मिटली नाही? पात हिरवी असतानाच काढणी झाली आणि त्याच दिवशी मान कापून माल चाळीत आला. अशी घाई का? उक्त्याने घेतलेली मजुरांची टोळी दुसऱ्या गावी जाणार होती. मान मुळात जाड का राहिली? युरिया उशिरा पडला होता, आणि काढणीच्या आठवड्यापर्यंत पाणी चालू होते. तेव्हा पाणी का दिले? यावर थोडा वेळ कोणी बोलेना. मग तेच वृद्ध गृहस्थ म्हणाले, "पाळी आली होती, साहेब. आलेली पाळी कोण सोडतो?"

म्हणजे दोष दिसत होता चाळीत, आणि घडत होता शेतात. एकदा हे कळल्यावर सुधारणा अवघड नव्हत्या, बहुतेक बिनखर्चाच्या होत्या. नत्राचा शेवटचा हप्ता लागवडीपासून ६० दिवसांच्या आत द्यावा. काढणीपूर्वी सुमारे १५ दिवस पाणी तोडावे. निम्म्या माना पडल्यावर काढणी करावी. काढलेला कांदा ३ ते ५ दिवस शेतात असा पसरावा की एका ओळीच्या पातीने दुसऱ्या ओळीचा कांदा झाकला जाईल. नंतर २ ते २.५ सेंटिमीटर मान ठेवून पात कापावी आणि १० ते १२ दिवस सावलीत सुकवून, जोडकांदे, डेंगळे व जाड मानेचा माल वेगळा काढून मगच चाळ भरावी. ढीग ४ ते ५ फुटांहून उंच नसावा. गटाने हे प्रथम निम्म्या मालावर केले व निम्मा पूर्वीप्रमाणे भरला, म्हणजे तुलना करता आली. पाण्याची पाळी सोडणे मात्र सर्वांना पटले नाही. तेव्हा बैठकीतच तोड निघाली, आणि ती माझी नव्हती: ज्या शेताला शेवटची पाळी दिली, त्याचा कांदा चाळीत भरायचाच नाही, वैशाखातच विकून टाकायचा.

सुधारणा टिकविणे हे खरे कठीण काम. त्यासाठी खांबांवर ढिगाच्या उंचीची तांबडी रेघ ओढली आहे, आणि काढणीचा दर ठरवितानाच मजुरांच्या मुकादमाशी पात न कापण्याची बोली केली जाते. पहिल्या वर्षी सुधारलेल्या निम्म्या मालात सड स्पष्टपणे कमी दिसली. तरी मी त्या एका वर्षावर फार विसंबत नाही, कारण त्या श्रावणात पाऊसही बेताचाच होता. म्हणून पिशव्या अजून दर वर्षी ठेवतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एका हंगामात एकाच गावात एकच प्रश्न हाती घ्यावा. दूध संकलनातील नासलेले दूध असो वा द्राक्षाच्या प्रतवारीतील तूट असो, पावले हीच. कांद्यासाठी काढणीपूर्वीच १२ पिशव्या, एक काटा व एक वही जमवून ठेवावी. पिशवीवरील क्रमांक कागदाच्या चिठ्ठीवर लिहू नये, आषाढातील दमटपणात अक्षर फुटते. आम्ही पत्र्याच्या तुकड्यांवर खिळ्याने क्रमांक कोरून ते तारेने बांधतो.