सुक्या मांसाची पाकिटे: नाव, चव आणि घटक

चरबी काढलेल्या ताज्या मांसात वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणी असते. मांस नासवणाऱ्या जंतूंना जगायला हेच पाणी लागते. मीठ लावून ते ओढून घेतले आणि वाऱ्यावर किंवा उष्णतेवर उडवून टाकले की उरलेली पट्टी महिनोन्महिने टिकते. सोडे, सुकट आणि सुके बोंबील टिकतात तेही याच कारणाने. फरक इतकाच की सोडे भिजवून कालवणात पडतात, आणि जर्की, बिल्टाँग, बाक्वा हे प्रकार पाकीट फोडून तसेच खायचे असतात. त्यामुळे लागते ती सगळी चव वाळवतानाच त्यांच्यात उतरवावी लागते. मीठ, साखर, आंबट आणि धूर यांतले काय, किती आणि केव्हा घातले, यावरून एका देशाची पट्टी दुसऱ्या देशाच्या पट्टीहून वेगळी लागते. पाकिटावरच्या चवीच्या नावाचा भाग त्यात बराच कमी असतो.

'जर्की' हा शब्द अँडीज पर्वतातल्या केचुआ भाषेतून आला. तिथे सुकवलेल्या मांसाला 'चार्की' म्हणत. स्पॅनिशांनी त्याचे 'चार्के' केले आणि इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी त्याची जर्की झाली. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा पेमिकन हा प्रकार याच्याच नात्यातला. सुकवलेले बायसनचे मांस कुटायचे, त्यात वितळवलेली चरबी ओतायची, कधी रानबोरांसारखी छोटी फळे मिसळायची आणि ते कातडी पिशव्यांत भरून ठेवायचे. कॅनडातला केसाळ कातड्यांचा व्यापार या पिशव्यांवर इतका विसंबून होता की १८१४ मध्ये रेड रिव्हर वसाहतीच्या गव्हर्नरने पेमिकन बाहेर नेण्यावर बंदी घातली आणि त्यावरून दोन व्यापारी कंपन्यांत खरोखरीच्या मारामाऱ्या झाल्या.

आजची अमेरिकन जर्की कारखान्यात होते. बीफचे चरबी नसलेले भाग अर्धवट गोठवून त्यांचे पातळ काप काढतात, कारण मऊ मांस सुरीखाली सरकते. धाग्याच्या दिशेने कापले तर पट्टी चिवट होते आणि दातांनी ओढून खावी लागते. आडवे कापले तर ती पटकन तुटते. हे काप सोया सॉस, मीठ, साखर आणि मसाल्यात मुरवतात, मग त्यांना उष्णता देतात. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या सल्ल्यानुसार बीफचे तापमान आतपर्यंत ७१ अंश सेल्सियस आणि कोंबडी किंवा टर्कीचे ७४ अंश व्हायला हवे, तेही वाळवण्याच्या आधी. क्रम उलटा झाला तर घात होतो. पट्टी आधी कोरडी पडली की तिच्यावरचे जंतू उष्णतेला दाद देईनासे होतात, म्हणून कारखान्यांतल्या भट्ट्यांमध्ये सुरुवातीला मुद्दाम दमट हवा ठेवतात. १९९५ मध्ये ओरेगॉन राज्यात घरी केलेल्या हरणाच्या जर्कीतून ई. कोलाय जंतूची बाधा पसरली होती. मंद आचेवर नुसते वाळवणे पुरत नाही, याची ती ठळक नोंद आहे.

अमेरिकेत 'जर्की' हे नाव लावायचे तर पट्टीत प्रथिनाच्या एका भागामागे पाणी पाऊण भागापेक्षा जास्त चालत नाही. एक किलो जर्कीला साधारण अडीच ते तीन किलो मांस लागते ते यामुळे. तळहाताएवढ्या पाकिटाची किंमत पाहून कपाळाला आठी पडते तेव्हा उडून गेलेल्या पाण्याचे पैसेही त्यात असतात, हे ध्यानात घेतलेले बरे.

अमेरिकेतल्या कुठल्याही पेट्रोल पंपाच्या दुकानात फळीवर चार चवी हमखास सापडतात: ओरिजिनल, तेरियाकी, पेपर्ड आणि कुठली तरी गोड-तिखट. यांतले सर्वांत फसवे नाव ओरिजिनल. त्यावरून फक्त मीठ लावलेले मांस डोळ्यांसमोर येते, पण बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या ओरिजिनलमध्ये साखर, सोया सॉस, लसूण पूड आणि धुराचा अर्क असतो. चव गोडसर खारट लागते आणि मागे धूर रेंगाळतो. तेरियाकीत सोया आणि साखर दोन्ही चढी असतात, आल्याचा किंचित झणका असतो आणि पट्टी बोटांना चिकटते. पेपर्ड म्हणजे बहुधा ओरिजिनलच, वर मिऱ्यांची जाड भरड. पहिल्यांदा खाणाऱ्या मराठी माणसाला ही सर्वांत जवळची वाटेल, कारण मिरी गोडवा झाकून टाकते. 'हॉट' लिहिलेल्या पाकिटांकडून मात्र कोल्हापूरकराने फार आशा ठेवू नये.

जॅक लिंक्स ही या बाजारातली सर्वांत ठळक कंपनी. ती १९८६ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या मिनाँग या लहानशा गावात सुरू झाली. तिच्या पट्ट्या मऊ आणि गोडाकडे झुकलेल्या असतात, आणि पाकीट कुठेही घेतले तरी चव तीच लागते. दंतकथेतल्या केसाळ जंगली प्राण्याला त्रास देणाऱ्या पोरांच्या जाहिरातींनी तिचे नाव घरोघरी पोचवले. सिअ‍ॅटलची ओबर्टो तिच्याहून बरीच जुनी. इटलीहून आलेल्या कॉन्स्टंटिनो ओबर्टोने १९१८ मध्ये सॉसेज करण्यासाठी ती काढली, जर्की नंतर आली. ओरेगॉनची ओल्ड ट्रॅपर १९६९ पासूनची. तिची पिशवी पारदर्शक असते, त्यामुळे आतल्या पट्ट्या किती जाड आणि किती तुकड्या-तुकड्यांच्या आहेत ते विकत घेण्याआधीच दिसते. इतरांनी हा गुण उचलायला हरकत नाही.

२००९ च्या सुमारास एक नवी लाट आली. कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागातल्या, वाईन करणाऱ्या घराण्यातल्या जॉन सेबास्टियानीने क्रेव्ह ही कंपनी काढली आणि काळी चेरी, मिरची-लिंबू अशा चवी आणल्या. जर्की ट्रकचालकांच्या हातातून व्यायाम करणाऱ्यांच्या पिशवीत जावी, हा त्यामागचा हिशेब. २०१५ मध्ये हर्शी या चॉकलेट कंपनीने क्रेव्ह विकत घेतली आणि पाच वर्षांनी विकूनही टाकली. टेक्सासमधल्या ऑस्टिनची एपिक ही कंपनी २०१३ मध्ये सुरू झाली आणि २०१६ मध्ये जनरल मिल्सकडे गेली. तिच्या बायसन आणि क्रॅनबेरीच्या वडीला आधुनिक म्हणून मिरवले जाते. मांस आणि आंबट फळ ही जोडी मात्र पेमिकनचीच.

स्लिम जिमला जर्की म्हणणे चूक. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस फिलाडेल्फियात अ‍ॅडॉल्फ लेव्हिसने ती दारूच्या गुत्त्यांतल्या गिऱ्हाइकांसाठी काढली. आज ती कोनाग्राच्या मालकीची आहे. अखंड मांसाची पट्टी इथे नसतेच. बीफबरोबर यंत्राने हाडांपासून सोडवलेले कोंबडीचे मांस वाटून त्यात दह्याच्या विरजणासारखे जंतू सोडतात, मिश्रण आंबवतात, पातळ आवरणात भरतात आणि मग शिजवून सुकवतात. चावताना आवरण 'टच्' करून तुटते आणि पाठोपाठ तेलकट आंबट चव येते. हे सॉसेजचे धाकटे भावंड आहे. गोव्याच्या चोरिसाशी त्याची तुलना करण्याचा मोह होतो, पण चोरिसात व्हिनेगर आणि मिरची यांना जो मान आहे तो इथे कोणालाच नाही.

दक्षिण आफ्रिकेतले बिल्टाँग हा सगळा क्रमच फिरवते. डच भाषेत 'बिल' म्हणजे जनावराचा मागचा भाग आणि 'टाँग' म्हणजे जीभ, अर्थात जिभेसारखी पट्टी. १८३० च्या दशकात केप सोडून बैलगाड्यांतून आत सरकलेल्या बोअर लोकांना वाटेत पुरेल असे मांस हवे होते. दोन-अडीच सेंटीमीटर जाडीच्या लांब पट्ट्यांना व्हिनेगर आणि मीठ लावायचे, भाजलेल्या धण्याची भरड आणि मिरी चोळायची आणि आकड्याला अडकवून कोरड्या वाऱ्यात टांगायचे. आच नाही, धूर नाही, बहुतेक वेळा साखरही नाही. जर्की कापून वाळवतात, बिल्टाँग वाळवून कापतात. त्यामुळे बाहेरून काळपट असलेली पट्टी आतून लालसर आणि ओलसर राहते, आणि व्हिनेगराचा आंबटपणा कडेला जास्त, मध्यात कमी लागतो. धण्याच्या वासामुळे हा प्रकार मराठी नाकाला लगेच ओळखीचा वाटतो.

बिल्टाँगमध्ये ब्रँडपेक्षा दुकान मोठे. तिथला खाटीक गिऱ्हाइकाला दोन प्रश्न विचारतो: ओले की सुके, आणि चरबीसह की चरबीशिवाय? उत्तराप्रमाणे टांगलेली पट्टी उतरवून समोर चकत्या पाडून देतो. कडेला पिवळसर चरबीची रेघ असलेली ओलसर चकती तिथल्या जाणकारांच्या लेखी सर्वोत्तम, आणि एकदा चाखल्यावर त्यांच्याशी वाद घालणे कठीण. बीफखेरीज कुडू हरीण आणि शहामृग यांचेही बिल्टाँग मिळते. बारीक सॉसेज वाळवले की त्याला 'ड्रूवोर्स' म्हणतात. अमेरिकेत आता टेक्सासच्या स्ट्राइव्हसारख्या कंपन्या साखर नसल्याची जाहिरात करत ते पाकिटांतून विकतात. पाकिटात चकत्या आधीच पाडलेल्या असतात, त्यामुळे त्या चटकन कोरड्या होतात आणि ओले-सुके हा प्रश्न गिऱ्हाइकाच्या हातात राहत नाही.

दक्षिण चीनच्या फुजियान भागातून मलाया आणि सिंगापूरला गेलेल्या लोकांचा बाक्वा याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. डुकराच्या मांसाचे पातळ काप किंवा खिमा साखर, सोया किंवा माशाचा सॉस आणि मसाल्यात मुरवतात, जाळीवर पसरून अर्धवट सुकवतात, चौकोन कापतात आणि कोळशावर भाजतात. साखर जळून कडेला काळी किनार धरते आणि तुकडा आरशासारखा चमकतो. सिंगापूरमधली बी चेंग हियांग १९३३ ची आणि लिम ची ग्वान १९३८ ची. चिनी नववर्षाच्या आधी चायनाटाऊनमधल्या लिम ची ग्वानच्या दुकानाबाहेर लोक तासन्‌तास रांगेत उभे राहतात. खिम्याचा बाक्वा मऊ, कापांचा चिवट, आणि कोणता चांगला यावर घराघरांत दोन तट असतात. ओलसरपणामुळे तो जर्कीइतका टिकत नाही. गोडाचे प्रमाण मात्र असे की त्याला मांसाची चिक्की म्हटले तरी फारसे चुकणार नाही.

पाकीट निवडताना चवीच्या नावापेक्षा मागची बारीक अक्षरे जास्त सांगतात. अमेरिकेत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. मांस आणि पाणी यांच्या लगेच मागे साखर असेल तर पट्टी गोड असणार, पुढे 'तिखट' लिहिले असो की 'धुरी'. 'चॉप्ड अँड फॉर्म्ड' असे शब्द असतील तर मांस वाटून साच्यात पट्टी पाडलेली आहे. ती एकसारखी आणि मऊ असते, पण धागा नसतो. पट्टीचा तांबूस रंग सहसा नायट्राइटमुळे येतो. 'अनक्युअर्ड' लिहिलेल्या अनेक पाकिटांत सेलरीची पूड असते, आणि तिच्यातून नायट्राइटच मिळते, म्हणजे नाव बदलले, काम तेच. पाकिटातल्या छोट्या पुडीत बहुधा लोखंडाची भुकटी असते. ती गंजताना आतला प्राणवायू शोषून घेते आणि चरबी खवट होण्यापासून वाचवते. पाकीट उघडले की तिचा उपयोग संपतो. मग दोन-तीन दिवसांत खाऊन टाकणे हेच शहाणपण.

२८ ग्रॅम जर्कीत साधारण १० ते १२ ग्रॅम प्रथिने मिळतात, त्यासोबत ४०० ते ६०० मिलिग्रॅम सोडियम येते. ८५ ग्रॅमचे पाकीट एकट्याने संपवले तर सोडियम दीड ग्रॅमच्या आसपास जाते, आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसभराची मर्यादा दोन ग्रॅमची आहे. तिच्याच कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातले, आणि खारवून, धुरावर धरून किंवा नायट्राइट लावून टिकवलेले मांस त्यात मोडते.

अमेरिकेत राहणाऱ्या नातलगांनी हौसेने जर्कीचे पाकीट भारतात आणू नये, कारण बीफ आणि बीफ असलेले पदार्थ भारतात आयात करायला बंदी आहे. वाळवलेले मांस इथे नवे नाहीच. तमिळनाडूत मीठ-हळद लावून उन्हात सुकवलेल्या मटणाला 'उप्पू कंडम' म्हणतात, नेपाळी आणि सिक्कीमी घरांत चुलीवर टांगलेली सुकुटी असते. मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांत गुरांच्या मांसाच्या लांब पट्ट्या दोरीवर वाळवून 'चान्या' करत. त्या निखाऱ्यावर भाजून किंवा शिजवून खाल्ल्या जात आणि हलाखीच्या दिवसांत तेवढेच मांस घरात असे. १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले, तेव्हापासून या पदार्थाशी भुकेबरोबर मानापमानाचा प्रश्नही जोडला गेला. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकाने अशा पदार्थांची मराठीत नोंद केली. चान्यांना पाकीट नव्हते आणि चवीची नावेही नव्हती. २०१५ च्या कायद्याने महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवर बंदी आली, आणि दोरीवर टांगायला म्हशीवर्गातल्या जनावराचे मांस काय ते उरले.