तवंगातील सोयरीक

काशीदच्या किनाऱ्यावर मासळी धुतली की पाण्यावर तेलकट तवंग पसरतो आणि तेवढ्या जागेतील बारीक लहरी निवतात. बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळच्या तळ्यात चमचाभर तेल ओतून अर्धा एकर पाणी शांत केल्याचे १७७४ साली लिहिले. हिशेब केल्यास तो थर जेमतेम एका रेणूइतका जाड भरतो.

अशा थरात मेदाम्लाच्या रेणूचे डोके पाण्यात असते व शेपटी हवेत. फॉस्फोलिपिडला डोके एक, शेपट्या दोन. शेपट्या एकाच जातीच्या असल्याने दोघांचे सहसा जमते. परंतु मेदाम्लाच्या शेपटीत हायड्रोजनच्या जागी फ्लोरिन आला, की ती जाड व ताठ होते. तिला पाण्याचे वावडे असतेच, आता तेलाचेही होते. प्रयोगांत बारा कार्बनांचे असे आम्ल फॉस्फोलिपिडात मिसळले. अठरा कार्बनांचे मात्र वेगळेच राहिले.

कलाशाखेच्या विद्यार्थ्याला याचे काय, असे कोणी विचारील. आपल्या फुप्फुसांतील वायुकोशांवर फॉस्फोलिपिडांचाच थर असतो. तो पृष्ठताण कमी करतो, म्हणून श्वास सोडताना कोश मिटत नाहीत. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत तो कमी पडतो, हे एव्हरी व मीड यांनी १९५९ साली दाखविले. न चिकटणाऱ्या तव्यांच्या लेपासाठी पूर्वी वापरले जात असलेले आठ कार्बनांचे फ्लोरिनयुक्त आम्ल निसर्गात कुजत नाही. २०१९ साली ते स्टॉकहोम कराराच्या बंदीयादीत आले. आखूड शेपटीमुळे ते या थरात शिरू शकते. म्हणूनच ही सोयरीक तपासणे अगत्याचे आहे.