छापा, काटा आणि पेरणी

सोलापूर जिल्ह्यात शिरापूर नावाचं गाव आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेनं 1975 पासून इथली आणि आणखी काही कोरडवाहू गावांतली शेती घराघरातून नोंदवायला घेतली. या गावांत हान्स बिनस्वांगर या अर्थतज्ज्ञानं एक विलक्षण खेळ मांडला. नाणं उडवायचं. एक पर्याय बिनधोक, छापा पडो की काटा, 50 रुपये तुमचे. दुसऱ्या टोकाला छाप्याला शून्य आणि काट्याला 200. मधे हळूहळू वाढत्या जोखमीचे पर्याय. पैसे खरे, आणि 50 रुपये म्हणजे तेव्हा मजुराची कित्येक दिवसांची कमाई!

1980 साली निष्कर्ष छापून आले. पणाला लागलेली रक्कम मोठी झाली की बहुतेकांनी मधलेच पर्याय धरले. गंमत पुढेच आहे: धोका पत्करण्याच्या वृत्तीत गरीब आणि सधन शेतकऱ्यांत फारसा फरक सापडला नाही. म्हणजे गरीब शेतकरी जात्याच भित्रा, हा समज त्या नाण्यानं खोडून काढला.

मग रानात गरीब आणि सधन शेतकऱ्यांच्या शेतीत फरक का दिसतो? आधी इथली जोखीम कशी ते पाहू. शिरापूरची भारी काळी जमीन पूर्वापार खरिपात मोकळी ठेवत आले. परक्याला ही उधळपट्टी वाटेल. पण इथला जून-जुलैचा पाऊस बेभरवशाचा, तेव्हा पेरलेलं बियाणं वाया जाण्याची भीती मोठी. परतीच्या पावसाची ओल मात्र ती माती महिनोन्‌महिने धरून ठेवते, आणि त्या ओलीवर शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, येतो. शिवाय कडबा मिळतो. दुष्काळात दाणे कमी भरले तरी नेमका तेव्हाच कडब्याचा भाव चढतो. एकाच ताटात तोटा आणि भरपाई, मला तर यापुढे हात जोडावेसे वाटतात.

आता त्या फरकाकडे. पुढच्या अभ्यासात दिसलं, की पाऊस जितका लहरी, तितका गरीब शेतकरी कमी पैशांच्या पण सुरक्षित शेतीकडे वळतो. सधनाच्या निवडीवर त्याचा एवढा परिणाम होत नाही. एक हंगाम बुडाला तरी त्याची चूल पेटते.

आणि विहिरीला पाणी लागलं, की तोच ज्वारीवाला ऊस लावतो. इथेही हिशोब जोखमीचाच: उसासाठी केंद्र सरकार किमान दर ठरवतं आणि 1966 च्या आदेशानुसार कारखान्यानं 14 दिवसांत पैसे द्यायचे असतात. त्याच पाण्यावर येऊ शकणाऱ्या कांद्याच्या मागे मात्र असा कुठलाच कायदा उभा नाही.