जुन्या डीप फ्रीझरची शीतपेटी

दुधाचा धंदा असो, भाजीपाल्याचा असो, वा बियाण्याचा असो, माल हातीं आल्यापासून गिऱ्हाइकाकडे जाईपर्यंतचा काळ हाच शेतकऱ्याच्या कसोटीचा काळ होय. संध्याकाळीं काढलेलें दूध सकाळीं नासलें, तर पेंड, वैरण व मेहनत एका रात्रींत फुकट जातात. यावर थंडी हाच मुख्य उपाय आहे. परंतु शीतगृह बांधणें हें एकट्या शेतकऱ्याच्या आवांक्याबाहेरचें काम आहे. आइसक्रीमच्या दुकानांतून वा खाणावळींतून काढून टाकलेला आडवा डीप फ्रीझर मात्र जुन्या बाजारांत बेताच्या किंमतींत मिळूं शकतो. त्याची शीतपेटी कशी करावी, आणि तिच्याकडून काय होतें व काय होत नाहीं, हें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ही युक्ति अमेरिकेंत घरीं बिअर करणाऱ्या मंडळींत फार रूढ आहे. त्या देशांत १९२० सालीं आलेली दारूबंदी १९३३ सालीं उठली. पण घरीं बिअर करण्याची मोकळीक अध्यक्ष कार्टर यांनीं १९७८ सालीं सही केलेल्या कायद्यानें मिळाली. एका प्रौढ माणसास वर्षास १०० गॅलन, व दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घरास २०० गॅलन अशी त्यांत मर्यादा असून, ती बिअर विकावयाची नाहीं असा दंडक आहे. हे लोक बाटल्या भरीत बसण्याऐवजीं सुमारें १९ लिटरच्या पोलादी पिंपांत बिअर भरतात. हीं पिंपें मूळचीं शीतपेयांच्या पाकासाठीं केलेलीं. तीं आडव्या डीप फ्रीझरमध्यें उभीं ठेवून, आंतील उष्णमान ३ ते ४ अंश सेंटिग्रेड राखून, दर चौरस इंचास १० ते १२ पौंड इतक्या दाबानें कर्बाम्ल वायु पिंपांत सोडितात, व पेटीस बसविलेल्या तोटीवाटे पेला भरून घेतात.

आपल्याकडे परवान्यावांचून मद्य तयार करणें हा १९४९ च्या दारूबंदी कायद्यानें गुन्हा आहे. तेव्हां त्यांची बिअर आपल्या कामाची नाहीं. पेटीस मात्र आंत बिअर आहे कीं दूध याची फिकीर नसते. यंत्रानें थंडी उत्पन्न करण्याची विद्या तरी मद्याच्याच आश्रयानें वाढली. जर्मनींतील लिंडे यांचें शीतयंत्र १८७० नंतरच्या दशकांत म्यूनिक येथील बिअरच्या कारखान्यांत प्रथम बसविलें गेलें, आणि त्याच विद्येचा लाभ पुढें दूध, मांस व फळें यांस मिळाला.

आतां मूळ तत्त्व पाहूं. डीप फ्रीझर हा शून्याखालीं १८ अंशांपर्यंत थंडी धरण्यासाठीं केलेला असतो. त्याच्या अंगचा खटका ४ अंशांवर थांबत नाहीं, म्हणून त्यांत ठेवलेलें दूध गोठतें व भाजी करपते. यासाठीं बाहेरून एक तापमान-नियंत्रक जोडावा लागतो. नियंत्रकाचा प्लग भिंतींतील सॉकेटमध्यें, फ्रीझरचा प्लग नियंत्रकामध्यें, आणि नियंत्रकाची तार, जिच्या टोकास उष्णमान ओळखणारा प्रोब असतो, ती पेटीच्या आंत. फ्रीझरचा स्वतःचा खटका सर्वांत थंड खुणेवर ठेवावा, म्हणजे तो मध्येंच लुडबुड करणार नाहीं. नियंत्रकावर ४ अंश व २ अंशांचा फरक लावला, तर ६ अंश होतांच यंत्र सुरू होतें व ४ अंशांवर बंद पडतें.

येथें तीन गोष्टी सांभाळाव्या. पहिली, कॉम्प्रेसर बंद झाल्यावर नळ्यांतील दाब समान होण्यास वेळ लागतो. तेवढ्यांत तो पुन्हां सुरू झाला तर मोटारीवर भार पडून ती जळण्याचा संभव असतो. म्हणून तीन ते पांच मिनिटांचा विलंब लावण्याची सोय असलेलाच नियंत्रक घ्यावा. दुसरी, मोटार सुरू होतांना नेहमींच्या कित्येक पट वीज ओढते. तो भार सोसण्याइतका नियंत्रक दणकट पाहिजे. तिसरी, प्रोब हवेंत लोंबकळत ठेवूं नये. झांकण उघडतांच हवा तापते व यंत्र उगीच सुरू होतें. पाण्यानें भरलेल्या बाटलीच्या अंगास प्रोब बांधून वर थर्मोकोलचा तुकडा लावावा, म्हणजे मालाचें खरें उष्णमान कळतें.

उभ्या फ्रिजपेक्षां आडवी पेटी या कामास बरी, याचें कारण साधें आहे. थंड हवा जड असते. उभ्या फ्रिजचें दार उघडतांच ती पायांवर ओघळून जाते; आडव्या पेटीचें झांकण उघडलें तरी ती विहिरींतील पाण्यासारखी आंत राहते.

अमेरिकेंतील लोक पेटी व झांकण यांमध्यें लाकडाची एक चौकट बसवितात. तिची जाडी सुमारें दोन इंच व उंची सहा ते आठ इंच असते. तोट्या व नळ्या या चौकटींतूनच नेतात, पेटीच्या भिंतींतून कधींही नेत नाहींत. कारण, अशा बहुतेक पेट्यांत थंड करणाऱ्या वायूच्या नळ्या भिंतींच्या पोटांतून फिरविलेल्या असतात. बाहेरून त्या दिसत नाहींत. गिरमिटाचें टोक नळींत गेलें कीं वायु निघून जातो व पेटी कायमची निकामी होते. शिवाय अलीकडच्या पुष्कळ यंत्रांत आयसोब्युटेन हा पेट घेणारा वायु असतो, तेव्हां धोका जिवाचाही आहे. आमच्या वाचकांनीं हा नियम विसरूं नये. आपणांस तोटी नको असल्यास व एकच बारीक तार आंत न्यावयाची असल्यास, ती झांकणाच्या रबरी पट्टीखालून नेली तरी चालतें. दुधाच्या उंच किटल्या मावत नसतील, तर मात्र चौकट करावी. लाकूड चांगलें वाळलेलें घ्यावें, आंतून थर्मोकोल लावावा, आणि झांकणाच्या बिजागऱ्या चौकटीवर बसवाव्या.

४ अंशांवर चालणाऱ्या पेटींत भिंतींवर दंव धरतें व पाणी होऊन तळाशीं सांचतें. म्हणून तळाशीं प्लॅस्टिकची जाळी ठेवावी, पाणी आठवड्यास पुसून काढावें, व आंत एक लहान पंखा मंद चालू ठेवावा. पंख्यानें तळ व माथा यांतील उष्णमानाचा फरक कमी होतो.

आतां दूध. या बाबतींत खोटी आशा बाळगूं नये. एक लिटर पाणी एक अंशानें थंड करण्यास जितकी उष्णता काढावी लागते तीस एक माप म्हणूं. धारेचें दूध ३७ अंशांचें असतें. असें वीस लिटर दूध ४ अंशांवर आणण्यास सुमारें ६२० मापें उष्णता काढावी लागते. पेटींतील लहान कॉम्प्रेसरास यास कित्येक तास लागतात, व किटलीभोंवतीं नुसती हवा असल्यामुळें तें काम अधिकच रेंगाळतें. तोंपर्यंत जंतु वाढून चुकतात. थंडीनें जंतूंची वाढ मंदावते, ते मरत नाहींत. म्हणून धार काढतांच किटली विहिरीच्या पाण्याच्या हौदांत ठेवून दूध ढवळावें. पाणी २५ अंशांचें असेल तर दूध २७ अंशांपर्यंत उतरतें, म्हणजे तिसरा हिस्सा काम फुकटांत होतें. उरलेलें काम बर्फानें करावें. एक किलो बर्फ वितळतांना ८० मापें उष्णता शोषतो. म्हणजे वीस लिटरांस साडेपांच किलोंच्या आसपास बर्फ पुरेल. याप्रमाणें दोन-तीन तासांच्या आंत थंड केलेलें दूध मग पेटींत ठेवावें. पेटीचें काम थंडी राखण्याचें आहे, गरम दूध एकाएकीं निवविण्याचें नव्हे.

भाजीपाल्यांत सर्वांस एकच उष्णमान मानवत नाहीं. मेथी, पालक व कोथिंबीर यांस शून्य ते ५ अंश मानवतात. भेंडीस ७ ते १०, वांगीं व काकडी यांस १० ते १२, आणि केळ्यांस १३ ते १४ अंश लागतात. केळीं ४ अंशांवर ठेवल्यास साल काळी पडते व तीं नीट पिकत नाहींत. सबब पालेभाजी व केळीं एका पेटींत ठेवूं नयेत.

बियाण्यास तर ही पेटी वरदानच होय. साठवणींतील उष्णमान दर ५ अंशांनीं उतरलें, किंवा बियांतील ओल शेंकडा एकानें कमी झाली, कीं बियाण्याचें आयुष्य सुमारें दुप्पट होतें, असा बीजशास्त्रज्ञांचा स्थूल नियम आहे. कांद्याचें बीं फार अल्पायुषी असतें. तें चांगलें वाळवून, सिलिका जेलसह हवाबंद बरणींत भरून, ५ अंशांवर ठेवावें. बरणी बाहेर काढल्यावर ती बाहेरच्या हवेइतकी उबदार होईपर्यंत उघडूं नये. नाहीं तर थंड बियांवर ओल धरते व आधींचे सारे श्रम व्यर्थ जातात.

विजेचा हिशेबही पेटीच्या बाजूचा आहे. बाहेर ३० अंश असतां शून्याखालीं १८ अंश राखण्यास ४८ अंशांचा फरक धरावा लागतो. ४ अंश राखण्यास २६ अंशांचाच. बाहेरून आंत शिरणारी उष्णता त्या मानानें जवळ जवळ निम्मी होते. वीज जात असल्यास मोकळ्या जागेंत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवाव्या; तें थंड पाणी कांहीं तास माल सांभाळतें.

जुनी पेटी विकत घेतांना ती तासभर चालवून भिंतींवर सर्वत्र सारखें दंव धरतें कीं नाहीं तें पाहावें. एकाच कोपऱ्यांत धरत असल्यास वायु कमी झाला असें समजावें. रबरी पट्टींत कागद धरून झांकण लावावें. कागद सहज निघाला तर पट्टी बदलावी लागेल. विजेच्या जोडणीस अर्थिंग अवश्य असावें. आणि घरांत मुलें असतील तर पेटीस कुलूप लावावें, कारण आंत अडकलेल्या मुलास हवा मिळत नाहीं.

एकट्यास खर्च जड वाटल्यास शेजारच्या दोघां-तिघांनीं मिळून एक पेटी करावी. दूधवाल्यांनीं ती दुधासाठींच राखावी, बियाणेंवाल्यांनीं बियाण्यासाठींच. वर सांगितलेलीं पथ्यें पाळल्यास एका जुन्या यंत्राकडून पुष्कळ वर्षें काम घेतां येईल, अशी आमची खात्री आहे.