चिमणीच्या माळ्यावर संगणक

सिंगल-बोर्ड कॉम्प्युटर घेताना बहुतेक जण आधी बोर्ड पसंत करतात आणि मग ते कुठे बसवायचं याचा विचार करतात. जागा ऐसपैस असेल तर त्यात काही बिघडत नाही. जागा अडचणीची असेल तर मात्र हा क्रम उलटा करावा लागतो: आधी जागा, मग केबल, मग उष्णता आणि वीज, आणि बोर्डाचं नाव सगळ्यात शेवटी. नुसते नियम सांगण्यापेक्षा एकच काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून पाहू. चिमणीच्या लाकडी पेटीत कॅमेरा बसवायचा आहे.

या पेट्या आता आपल्याकडे नवीन नाहीत. २० मार्च हा जागतिक चिमणी दिन २०१० पासून पाळला जातो. त्यामागे नाशिकचे मोहम्मद दिलावर आणि त्यांची नेचर फॉरएव्हर सोसायटी आहे. तेव्हापासून कित्येक घरांच्या गॅलरीत, जिन्यात आणि शाळांच्या भिंतींवर अशा पेट्या लागल्या. पेटीत जोडी आली की घरातल्या प्रत्येकाला आत डोकावायचं असतं. पण झाकण उघडून बघणं म्हणजे पक्ष्याला घालवून देणं. म्हणून कॅमेरा.

आपल्या पेटीची जागा धरू: आतून ११ बाय ११ सेंटिमीटर, आणि तिरक्या छपराखाली प्लायवूडचा एक आडवा पडदा टाकून केलेला माळा. माळ्याची उंची मागच्या बाजूला ४ सेंटिमीटर, पुढच्या बाजूला जेमतेम अडीच. सगळं सामान या माळ्यावर. पडद्याला एक छोटं भोक, त्यातून कॅमेऱ्याचा डोळा खाली बघणार.

याशिवाय एक अट आहे आणि ती मापात दिसत नाही. चिमणी अंडी साधारण अकरा ते चौदा दिवस उबवते आणि पिल्लं उडायला पुढे आणखी दोनेक आठवडे लागतात. म्हणजे एकदा वीण सुरू झाली की निदान महिनाभर पेटीला हात लावायचा नाही. कार्ड बदलायला नाही, सैल झालेली पिन दाबायला नाही, ‘एकदा रीस्टार्ट करून बघू’ म्हणूनही नाही. पुढचे जवळपास सगळे निर्णय या अटीतून निघतात.

आता मापं. दुकानाच्या पानावर बोर्डाची लांबी-रुंदी लिहिलेली असते ती नुसत्या हिरव्या पाटीची. रास्पबेरी पाय झीरो या घराण्यातलं बोर्ड ६५ बाय ३० मिलिमीटर आणि जाडीला ५ मिलिमीटर. वाचून वाटतं, अशी दोन-तीन बसतील. पण बोर्ड हातात घेऊन नीट बघा. एका लांब कडेला तीन सॉकेट ओळीने आहेत: मिनी एचडीएमआय, डेटाचं मायक्रो यूएसबी आणि विजेचं मायक्रो यूएसबी. नेहमीच्या मायक्रो यूएसबी केबलचा प्लग, त्यामागचं रबर आणि केबल वळायला लागणारी जागा मिळून सहज ३० मिलिमीटर खातात. म्हणजे ३० मिलिमीटरचं बोर्ड प्रत्यक्षात ६० चं झालं. एका आखूड कडेला मेमरी कार्ड, ते ओढून काढायला बोटाची जागा हवी. समोरच्या आखूड कडेला कॅमेऱ्याची चपटी पट्टी, आणि ती दुमडून चालत नाही, गोलाईनेच वळवावी लागते. ६५ चे ८५ इथे होतात. आणि चाळीस पिनांची पट्टी सोल्डर केलेलं बोर्ड आणलंत तर ५ मिलिमीटर जाडीचंही गणित गेलं. अशा कामाला पिना नसलेलंच बोर्ड घ्यावं.

म्हणून पहिली खरेदी पुठ्ठ्याची, आणि तो घरात असतोच. बोर्ड, कॅमेरा, विजेचं मॉड्यूल या सगळ्यांचे मापात तुकडे कापायचे, प्लगच्या जागी प्लगएवढा तुकडा चिकटवायचा आणि माळ्यावर मांडून बघायचं. कागदावर बसणारी किती रचना इथे बसत नाहीत ते दहा मिनिटांत कळतं. प्लगची अडचण दोन प्रकारे सुटते. काटकोनी प्लगची केबल मिळते, तिने निम्मी जागा वाचते. किंवा प्लगच टाळून दोन वायरी थेट सोल्डर करायच्या: पाच व्होल्टची वायर पिन क्रमांक २ किंवा ४ च्या भोकात, ग्राउंड ६ मध्ये. मला दुसरा मार्ग पसंत आहे, कारण सोल्डर केलेली वायर महिनाभरात सैल होत नाही. मात्र इथे वायरी उलट लागल्या तर बोर्ड जागच्या जागी जातं, तेव्हा मल्टिमीटर लावल्याशिवाय वीज सोडायची नाही.

आकड्यांचा आणखी एक चकवा आहे. रास्पबेरी पायच्याच कंप्युट मॉड्यूल ४ चं माप ५५ बाय ४० मिलिमीटर. लांबीला ते झीरोपेक्षाही कमी भरतं. पण त्याच्यावर एकही नेहमीचं सॉकेट नाही. खाली दोन बारीक कनेक्टर असतात आणि ते दुसऱ्या बोर्डावर बसवावं लागतं. कंपनीचं स्वतःचं तसं बोर्ड १६० बाय ९० मिलिमीटरचं आहे. बाजारात छोटीही मिळतात, पण मग दोन बोर्डांचे थर, दोन खर्च. ज्याला आपलं स्वतःचं सर्किट बोर्ड बनवून घ्यायचं आहे त्याच्यासाठी ही वस्तू उत्तम. आपल्यासाठी नाही.

मग मोठं बोर्ड का नको? रास्पबेरी पाय ५ चं माप ८५ बाय ५६. पुठ्ठ्याने बघितलं तर खेचून-ताणून ते या माळ्यावर बसेलही. पण त्याला ५ व्होल्टला ५ अँपिअरचा अडॅप्टर लागतो, आणि ते जेवढी वीज खाईल तेवढी उष्णता पिल्लांच्या डोक्यावर. पंखा लावायचा तर आवाज आला, धूळ आली. शिवाय ज्या कामासाठी आपण ते घेणार तिथेच ते उणं पडतं. व्हिडिओ आटोपशीर करून पाठवण्याची एच.२६४ ही पद्धत आहे. जुन्या पायमध्ये आणि झीरोमध्ये त्यासाठी चिपमध्ये वेगळी सोय आहे, पाय ५ मध्ये ती काढून टाकली आहे. तिथे हे काम मुख्य प्रोसेसरला करावं लागतं. नवीन आणि महाग म्हणजे आपल्या कामाला सरस असं नसतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित मिळतं.

उलट टोकाला ईएसपी३२-कॅम आहे. साधारण ४० बाय २७ मिलिमीटर, दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा अंगावरच, आणि किंमत अगदी थोडी. हा पूर्ण संगणक नव्हे, मायक्रोकंट्रोलर आहे. त्याच्यावर लिनक्स नाही आणि मेमरी कार्ड लावलंच पाहिजे असं नाही. दर मिनिटाला एक फोटो हवा असेल तर माझं मत याला. बिघडण्यासारखं त्यात फारसं काही नाही. पिल्लाला भरवताना सलग, स्वच्छ व्हिडिओ हवा असेल, तो रात्रीही हवा असेल, तर मात्र ते पुरत नाही.

राहता राहिलं झीरो २ डब्ल्यू. ऑक्टोबर २०२१ मध्ये ते आलं तेव्हा त्याची किंमत १५ डॉलर होती. चार कोअर, ५१२ एमबी रॅम, वायफाय. याच मापाची दुसऱ्या कंपन्यांची बोर्डंही आहेत. ऑरेंज पाय झीरो २डब्ल्यू चार जीबीपर्यंत रॅम देतं, पण त्याला कॅमेऱ्याच्या पट्टीचं सॉकेट नाही, यूएसबी कॅमेरा लावावा लागतो आणि वाचवलेली जागा परत गेली. रॅडक्सा झीरो ३डब्ल्यूला ते सॉकेट आहे आणि अंगावरच साठवणीची चिप असलेला प्रकारही मिळतो, म्हणजे कार्ड नको. हार्डवेअर म्हणून मला ते जास्त आवडतं. पण कॅमेरा चालू करताना अडलात तर झीरोच्या प्रश्नाचं उत्तर पाच मिनिटांत सापडतं आणि इतरांच्या बाबतीत अख्खा रविवार जाऊ शकतो. पहिल्यांदा करणाऱ्याने झीरो २ डब्ल्यू घ्यावं.

कॅमेऱ्याची निवडही इंचपट्टीनेच करायची. पडद्यापासून पेटीचा तळ सोळा-सतरा सेंटिमीटर खाली असेल तर गवत, दोऱ्या, पिसं भरून घरटं वर येतं आणि अंतर उरतं साधारण बारा. रास्पबेरी पायच्या कॅमेरा मॉड्यूल ३ च्या साध्या भिंगाची आडवी नजर ६६ अंशांची. बारा सेंटिमीटरवरून ती आडवे पंधरा-सोळा सेंटिमीटर बघते, पण उभी चौकट नऊच्या आसपास, म्हणजे घरट्याचे कोपरे सुटले. रुंद भिंगाची नजर १०२ अंशांची आणि ते पाच सेंटिमीटरपर्यंत फोकस होतं. पिल्लू मान वर करून चोच वासतं तेव्हा ती भिंगाच्या किती जवळ येते ते पाहिलं, तर रुंदच घ्यावं. त्यात ‘नॉयर’ नावाचा प्रकार घ्यायचा. त्यात इन्फ्रारेड अडवणारी काच नसते, त्यामुळे अंधारात दिसतं. उजेडासाठी ९४० नॅनोमीटरचे एक-दोन छोटे एलईडी पुरतात. ८५० चे एलईडी लालसर चमकतात, ते टाळावेत. बोर्डावरचा हिरवा दिवाही सेटिंगमध्ये जाऊन बंद करावा. आणि झीरोला कॅमेऱ्याची अरुंद, २२ पिनांची पट्टी लागते. नेहमीची १५ पिनांची त्यात जात नाही, हे सामान मागवतानाच लक्षात ठेवा.

आता वीज, म्हणजे जिथे बहुतेक प्रकल्प अडतात ती जागा. गॅलरीतल्या प्लगपासून पेटी दहा मीटरवर आहे असं धरू. बोर्ड आणि कॅमेरा मिळून अर्धा अँपिअर. लांब यूएसबी केबल आणून थेट पाच व्होल्ट नेले तर काय होईल? ०.२ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०८६ ओहम. वीज जाते आणि परत येते, म्हणून वीस मीटर: १.७ ओहम. अर्ध्या अँपिअरला ०.८५ व्होल्ट वाटेतच गेले. बोर्डाशी पोचले ४.१५. व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की रास्पबेरी पायची मोठी बोर्डं तशी तक्रार करायला लागतात, झीरो तेही करत नाही. मग ते मधेच बंद पडतं, कार्डावरच्या फाइली खराब होतात, आणि माणूस दोष देतो बोर्डाला.

हेच बारा व्होल्टने नेलं तर? तेवढ्याच अडीच वॅटला जेमतेम ०.२१ अँपिअर लागतात, वाटेत ०.३६ व्होल्ट जातात, आणि बारातून तेवढे गेले तर कुणाला पत्ता लागत नाही. माळ्यावर बाराचे पाच करणारं बक कन्व्हर्टर ठेवायचं. एमपी१५८४ चिपवालं मॉड्यूल २२ बाय १७ मिलिमीटरचं असतं, टपाल तिकिटाएवढं. बारा व्होल्टचा अडॅप्टर कुठल्याही सीसीटीव्हीच्या दुकानात मिळतो. मात्र त्या मॉड्यूलवरचा बारीक स्क्रू फिरवून आधी पाच व्होल्ट लावून घ्यायचे आणि मगच बोर्ड जोडायचं. नवीन मॉड्यूल कितीवर ठेवलेलं येईल याचा भरवसा नसतो.

लाइट जाणं हा आपल्याकडचा वेगळा अध्याय. चालू असताना वीज गेली आणि त्याच क्षणी कार्डावर लिहिणं चालू असेल तर कार्ड बिघडू शकतं. रास्पबेरी पायच्या सेटिंगमध्ये ओव्हरले फाइल सिस्टीम नावाची सोय आहे. ती चालू केली की कार्डाकडून फक्त वाचलं जातं, सगळं लिखाण रॅममध्ये होतं आणि वीज गेली की पुसलं जातं. व्हिडिओ वायफायवरून घरातल्या संगणकावर साठवायचा. हालचाल ओळखणं, फोटो निवडणं हेही तिथेच करावं. माळ्यावरच्या बोर्डाने बघावं आणि पाठवावं, इतकंच. काम कमी म्हणजे उष्णता कमी.

उष्णतेचा हिशेब सरळ बेरजेचा आहे. चिपचं तापमान म्हणजे भोवतालच्या हवेचं तापमान अधिक चिपची स्वतःची वाढ. टेबलावर, २५ अंशांच्या खोलीत, तुमच्या कामाला चिप ६० दाखवत असेल तर वाढ ३५ ची. विदर्भात मे महिन्यात छपराखालची हवा ५० झाली तर चिप ८५ वर. ८० च्या पुढे ती स्वतःचा वेग कमी करायला लागते, आणि बंद लाकडी माळ्यात वाढ ३५ पेक्षा जास्तच असणार. म्हणून पेटी उत्तर किंवा पूर्व भिंतीला, सावलीत. छपराला पांढरा रंग. माळ्याच्या समोरासमोरच्या भिंतींना पागोळीच्या आड भोकं, म्हणजे हवा आरपार जाईल, आणि त्यांना बारीक जाळी, नाहीतर उबेला पाल येऊन बसते आणि मुंग्याही वाट काढतात. प्रोसेसरचा कमाल वेग ६०० मेगाहर्ट्झवर बांधून घातला तरी कॅमेऱ्याचं काम अडत नाही. हीटसिंक चिकटवायचा तर चपटा. पत्र्याची डबी मात्र नको: उष्णता नेईल खरी, पण वायफायचा अँटेना पाटीतच कोरलेला आहे आणि धातूच्या आत तो मुका होतो. झीरो २ डब्ल्यूला २.४ गिगाहर्ट्झचंच वायफाय चालतं, तेव्हा घरचा राउटर त्यावर आहे ना ते बघून घ्या.

सगळं जुळलं की पेटी टांगण्याआधी घरात टेबलावर आठवडाभर बंद झाकणाने चालवायची, आणि दर तासाला चिपचं तापमान घरच्या संगणकावर नोंदवत ठेवायचं. मधे दोन-चार वेळा मुद्दाम प्लग काढून परत लावायचा आणि व्हिडिओ आपोआप सुरू होतो का बघायचं. हे जानेवारीत उरकावं. फेब्रुवारीपासून चिमण्या जागा हेरायला लागतात.